टेली कन्व्हर्टर लावला की कोपरे काळे, फोटो सॉफ्ट – आधी काय तपासायचं आणि घेताना काय मोजायचं

दरवर्षी थंडी पडली, कोल्हापुरात रंकाळा आणि कळंबा तलावांवर पाहुणे पक्षी उतरले की हाच प्रश्न येतोय. घरातला कॉम्पॅक्ट कॅमेरा बाहेर निघतो, झूम कमी पडतंय म्हणून कुणीतरी ऑनलाइन '२एक्स टेली कन्व्हर्टर', म्हणजे लांबचं अजून मोठं दिसावं म्हणून लेन्सच्या पुढं लावायची जोडलेन्स, मागवतो, लावतो, आणि मग चारी कोपरे काळे, मधला भाग सॉफ्ट म्हणजे पुसट, फांदीच्या कडेनं जांभळी रेघ, कॅमेरा फोकसच धरत नाही. तो परत पाठवून दुसरा मागवला तरी तेच. आता तर जुने डिजिटल कॅमेरे परत फॅशनमध्ये आलेत, कॉलेजची पोरं बाबांच्या कपाटातनं काढून वापरायला लागलीत, त्यामुळं विचारणारे अजून वाढलेत, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो.

बहुतेक वेळा कन्व्हर्टर बिघडलेला नसतोय, तो त्या कॅमेऱ्याला जुळणारा नसतोय. आपण बघतो काय तर आट्याचा साइज आणि डब्यावरचा 'एक्स'चा आकडा, म्हणजे किती पट मोठं दिसणार तो. आटे बसले म्हणजे लेन्स बसली असं वाटतं, पण आटे फक्त धरून ठेवायचं काम करतात, फोटोशी त्यांचा काही संबंध नाही. फोटो ठरतो तो कन्व्हर्टरची काच केवढी आहे आणि ती तुमच्या लेन्सपासून किती लांब आहे यावर.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकू. डीएसएलआरला जो टेलीकन्व्हर्टर येतो तो बॉडी आणि लेन्सच्या मधे बसतो, १.४एक्स असेल तर एक स्टॉप उजेड खातो, म्हणजे उजेड निम्मा होतो, आणि २एक्स असेल तर दोन स्टॉप. तो आपल्या काहीही कामाचा नाही, कारण कॉम्पॅक्टची लेन्स निघतच नाही. आपला कन्व्हर्टर लेन्सच्या पुढं बसतो, पुढच्या बाजूला मोठी फुगीर काच, मागं छोटी खोलगट काच, म्हणजे एक छोटी दुर्बीणच. आणि ह्याची चांगली गोष्ट ही की काच पुरेशी मोठी असेल तर उजेड कमी होत नाही, एफचा आकडा, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते, ३.५ होता तर ३.५ च राहतो. बऱ्याच जणांनी डीएसएलआरचं वाचलेलं असतंय आणि उगाच आयएसओ वाढवून बसतात, तसं करू नका.

आता मुख्य तक्रार, काळे कोपरे.

पहिलं म्हणजे झूम कुठं आहे ते बघा. कन्व्हर्टर लावून कॅमेरा चालू केला की तो वाइडला, म्हणजे झूम अजिबात नसलेल्या टोकाला, उघडतो आणि स्क्रीनवर मधे गोल आणि भोवती काळं दिसतं, आणि माणूस तिथंच नाराज होतो. हा बिघाड नाही, वाइडला असंच दिसणार, लाखाचा कन्व्हर्टर लावला तरी. टेली कन्व्हर्टर हा झूमच्या शेवटच्या टोकाला वापरायचा असतो. झूम वाढवत न्या, काळं आपोआप बाहेर सरकत जातं, जिथं पूर्ण जातं तिथून पुढं तुमचं काम सुरू. डिजिटल झूम मात्र आधी मेनूतनं बंद करा, नाहीतर काळं गेलं असं वाटतं आणि खरं तर कॅमेऱ्यानं नुसता फोटो कापलेला असतो.

पूर्ण ऑप्टिकल झूमला पण कोपरे काळे राहत असतील तर मग मामला जुळणीचा आहे, आणि इथं कॅमेरा कुठल्या जातीचा आहे त्यावर कारण वेगळं निघतं.

मोठ्या झूमचा, म्हणजे १०-१२ पट झूमवाला जाडजूड कॅमेरा असेल तर काचेचा साइज बघा. लेन्सच्या कडेवर जे छापलेलं असतं ना, समजा ६.०–७२.० मिमी, १:२.७–३.५, त्यातला मोठा आकडा घ्यायचा ७२ आणि त्याला शेवटच्या ३.५ नं भागायचं. साधारण २०.६ मिमी आलं. हे झूमच्या टोकाला तुमच्या लेन्सचं उजेड घ्यायचं तोंड. आता १.७एक्सचा कन्व्हर्टर घ्यायचा असेल तर २०.६ गुणिले १.७ म्हणजे ३५ मिमी, एवढी तर त्याच्या पुढच्या काचेची रुंदी पाहिजेच, आणि मागची काच २०.६ पेक्षा बऱ्यापैकी मोठी. ही कमीत कमी आहे हं, कडेच्या तिरप्या उजेडाला अजून जागा लागते, त्यामुळं ३५ आली तर ४५-५० मिमीचीच बघा. २.२एक्सचा असेल तर कमीत कमीच ४५ होते. आता ते स्वस्तातले '२एक्स एचडी प्रोफेशनल' लिहिलेले बघा, बाहेरनं भोंग्यासारखं रुंद अंग आणि आत काच बघायला गेलं तर एवढीशी, भोवती नुसती काळी रिंग. डब्यावर ५८ मिमी लिहिलेलं असतं ते आट्याचं माप, काचेचं नाही. पट्टी घेऊन काच मोजा, किंवा विकणाऱ्याला पट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगा.

छोट्या झूमचा, खिशात मावणारा, ३-४ पटवाला असेल तर गणित उलटं. समजा १७.४ मिमी आणि एफ ४.९, म्हणजे तोंड जेमतेम साडेतीन मिमी. त्याला कुठलीही काच पुरेल असं वाटतं. पण ह्या कॅमेऱ्यात मधलं अंतर मारतंय. लेन्स लांब बाहेर येते म्हणून ट्यूब, म्हणजे कन्व्हर्टर धरायला लेन्सभोवती बॉडीला बसवायची नळी, लांब, ट्यूब लांब म्हणून कन्व्हर्टर लांब, आणि वर ह्या लेन्सचा टेलीचा कोनसुद्धा रुंद असतो. खिडकीपासून जेवढं मागं सराल तेवढं बाहेरचं कमी आणि चौकट जास्त दिसते, तसंच. इथं 'एक्स' वाढवून काही होत नाही, मधलं अंतर कमी केलं तरच कोपरे सुटतात.

अंतर कुठं कुठं वाढतंय ते तपासा. मधे यूव्ही फिल्टर अडकवलाय का, काढून टाका. ५२ ला ५५, ५५ ला ५८ अशा वेगवेगळ्या साइजचे आटे जोडणाऱ्या दोन-तीन स्टेप रिंगा एकावर एक चढवल्यात का, त्याच्या जागी एकच थेट रिंग घ्या. मोठ्याकडनं छोट्याकडं जाणारी स्टेप डाउन रिंग असेल तर तीच काळ्या कोपऱ्याचं कारण असू शकते. आणि ट्यूब तुमच्याच मॉडेलची आहे का, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या ट्यूबची लांबी वेगळी असते आणि दुकानात 'चालतंय, सेमच आहे' म्हणून हातात दिली जाते.

एकच कोपरा किंवा एकच बाजू काळी असेल तर एक सोपी टेस्ट आहे. कन्व्हर्टर आट्यात थोडा सैल करून पाव फेरी फिरवा आणि परत फोटो काढा. काळेपणा त्याच्याबरोबर फिरला तर दोष कन्व्हर्टरमधे, जागेवरच राहिला तर ट्यूब तिरकी बसलीय किंवा आटे वाकडे चढलेत. एका बाजूचा फोटो सॉफ्ट आणि दुसऱ्या बाजूचा शार्प येत असेल तरी हीच टेस्ट करायची.

ट्यूबबद्दल अजून थोडं, कारण खरा त्रास इथंच होतो. खूप कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना लेन्सवर आटेच नसतात. लेन्सच्या भोवती बॉडीला एक रिंग असते, शेजारी छोटं बटण असतं, ते दाबून रिंग फिरवली की निघते, तिथं ट्यूब बसते. म्हणजे कन्व्हर्टरचं वजन बॉडीवर येतं आणि लेन्स आतल्या आत मोकळी मागं-पुढं होते. ज्या कॅमेऱ्याची लेन्स आत-बाहेर होते तिच्या तोंडावर थेट जड कन्व्हर्टर लावू नका, कृपा करून लावू नका. ती छोटी मोटर आणि प्लॅस्टिकचे दात ते वजन ओढायला केलेले नसतात, लेन्स अर्ध्यात अडकते, 'लेन्स एरर' येतो आणि कॅमेरा बंद पडतो. चिकटवायची रिंग मिळते गोंदाची, ती हलक्या फिल्टरपुरती ठीक आहे, कन्व्हर्टरला नाही. बॉडीवर रिंगही नाही आणि आटेही नाहीत असा कॅमेरा असेल तर कन्व्हर्टरचा विचारच सोडा.

जुन्या मॉडेलची ट्यूब मिळतच नाही ही अडचण खरी आहे, पण आपण कोल्हापुरात राहतो. शिवाजी उद्यमनगरात लेथ आहेत, कास्टिंगपासून पार्टपर्यंत सगळं करणारी माणसं आहेत, अॅल्युमिनियमची एक ट्यूब म्हणजे त्यांच्या हातचा मळ. बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला त्या गावात एका ट्यूबसाठी अडून बसायची गरज नाही. फक्त माप नीट न्या. कॅमेरा सोबत घेऊन जा, आणि व्हर्नियरनं मोजताना लेन्स एकाच जागी ठेवून मोजू नका. चालू करा, वाइडला मोजा, मधे मोजा, पूर्ण झूमला मोजा, कारण खूप लेन्स मधल्या झूमला थोड्या आत जातात आणि दोन्ही टोकांना बाहेर येतात, आणि कॅमेरा चालू होताना क्षणभर लेन्स नेहमीपेक्षा थोडी जास्त पुढं येते का तेही बघा. सगळ्यात लांब जे माप येईल त्यात २-३ मिमी मोकळी जागा धरून ट्यूबची लांबी सांगा, त्यापेक्षा जास्त नको, प्रत्येक जादा मिलिमीटर कोपऱ्यात दिसतो. कन्व्हर्टरची मागची काच आट्याच्या किती आत बसते किंवा बाहेर येते तेही त्यांना दाखवा. आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ५२, ५५, ५८ ह्या साइजला ०.७५ मिमी असतो, हे टर्नरला आधीच सांगा, आणि कन्व्हर्टर त्यांच्या हातात देऊन आटे लावून बघायला सांगा. बॉडीकडची बाजू अवघड, तिथं आटे नसून खाचा असतात, म्हणून जुनी निघालेली रिंग नमुन्याला द्या. शेवटी आतनं मॅट काळा रंग मारून घ्या, कोरं चकचकीत अॅल्युमिनियम ठेवलं तर आत उजेड उड्या मारतो आणि सगळा फोटो धुरकट येतो.

आता सॉफ्ट फोटो.

आधी कन्व्हर्टरचा दोष आहे की हवेचा ते ठरवा. सकाळी दहानंतर रंकाळ्याच्या कट्ट्यावरनं तलावातल्या दगडी संध्यामठाकडं झूम केला तर पाण्यावरची गरम हवा लहरत असते, तिथं कुठलीही लेन्स सॉफ्टच देणार. म्हणून टेस्ट घरात करायची. भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवा, कुठलंही, छोट्या जाहिराती असलेलं पान सगळ्यात चांगलं, कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदाचा टायमर, पूर्ण झूम. एक फोटो नुसता काढा, एक कन्व्हर्टर लावून. मग नुसता काढलेला फोटो कॉम्प्युटरवर कापून कन्व्हर्टरच्या फोटोएवढा मोठा करा आणि शेजारी शेजारी ठेवा. कन्व्हर्टरच्या फोटोत बारीक अक्षरं जास्त वाचता येत असतील तर तो कामाचा. तेवढीच वाचता येत असतील, किंवा कमी, तर तो परत द्या, कारण ते काम कात्रीनंसुद्धा झालं असतं. मला विचाराल तर ही एक टेस्ट केल्याशिवाय कुणी कन्व्हर्टर ठेवूनच घेऊ नये, बाकी सगळी चर्चा नंतर. ह्याच फोटोंवरनं खरा 'एक्स' पण कळतो, एका कॉलमची रुंदी दोन्ही फोटोत मोजा आणि भागाकार करा, २एक्स लिहिलेला प्रत्यक्षात कमी भरला तर नवल वाटून घेऊ नका.

कापण्याचा हिशोबही डोक्यात ठेवा. १२ मेगापिक्सेलचा फोटो १.४एक्स एवढा कापला तर ६ मेगापिक्सेल उरतात, १.७एक्सला साधारण ४, २एक्सला ३. फोटो नुसते मोबाइलवरच पाठवायचे असतील तर ४ मेगापिक्सेल भरपूर झाले, पैसे वाचवा. प्रिंट काढायची असेल, लांबच्या पक्ष्याचा डोळा-चोच-पिसं ओळखायची असतील, तिथं चांगल्या कन्व्हर्टरचा फरक खरंच पडतो.

जांभळी-हिरवी कड हा वेगळा मामला. पांढऱ्या ढगावर काळी फांदी, उन्हात उभा बगळा, असल्या ठिकाणी दिसते. वेगवेगळ्या रंगाचा उजेड एकाच जागी गोळा होत नाही म्हणून होतं, आणि साध्या काचेत जास्त होतं. कॅमेऱ्यात अॅपर्चर हातानं बदलता येत असेल तर एक स्टॉप बंद करा, एफ ३.५ चं एफ ५ किंवा ५.६ करा, बराच फरक पडतो. पण एफ ८ च्या पुढं नेऊ नका, कॉम्पॅक्टचा सेन्सर फार छोटा असतो, तिथं डिफ्रॅक्शनमुळं, म्हणजे बारीक तोंडातनं जाताना उजेड पसरतो म्हणून, परत सगळंच सॉफ्ट व्हायला लागतं.

फोकस धरत नसेल तर पक्षी जवळ तर नाही ना हे बघा. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: कन्व्हर्टर लावला की कमीत कमी फोकसचं अंतर 'एक्स'च्या वर्गानं वाढतं. पूर्ण झूमला कॅमेरा १ मीटरवर फोकस करत असेल तर १.७एक्स लावल्यावर जवळपास ३ मीटर, २एक्सला ४ मीटर. गच्चीवरच्या कुंडीतल्या फुलपाखरावर तो फोकस करणारच नाही, तुम्ही मागं सरा. दुसरं, ऑटोफोकसचा तो छोटा नारिंगी दिवा कन्व्हर्टरच्या अंगावर पडतो आणि पुढं जातच नाही, तो बंद करा. फ्लॅशही बंद, त्याची सावली खालच्या बाजूला गोल पडते. मॅक्रो मोड चालू राहिला असेल तर तोही काढा. आणि खासबाग मैदानात कुस्तीला कन्व्हर्टर घेऊन जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की संध्याकाळच्या लाइटात, हलत्या पैलवानांवर, जुन्या कॉम्पॅक्टचा फोकस तसाही दमतो, कन्व्हर्टर लावून तो अजून मागं पडतो. तिथं लवकर जाऊन आखाड्याजवळची जागा धरणं हाच इलाज.

फोटो हललेले येत असतील तर मेनू उघडा. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझर आपल्या मूळ झूमच्या हिशोबानं थरथर काढतं, पुढं दुर्बीण बसलीय हे त्याला ठाऊकच नसतं, त्यामुळं जादाची थरथर तशीच राहते. कन्व्हर्टर चालणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत 'कन्व्हर्टर' किंवा 'कन्व्हर्जन लेन्स' नावाचं सेटिंग असतं, ते टेलीवर करा. काढून ठेवलात की परत ऑफ करायला मात्र विसरू नका. शटरचं साधं गणित ठेवा: झूमच्या टोकाचा आकडा घ्या, पण लेन्सवर छापलेला ७२ नाही, ३५ मिमी फिल्मच्या हिशोबातला, समजा ४३२ मिमी; त्यावर १.७एक्स म्हणजे ७३० च्या वर, तर हातात धरून १/८०० च्या आसपास पाहिजे, स्टॅबिलायझर असेल तर कमी चालेल. कॅमेरा धरताना डावा हात कन्व्हर्टरच्या खाली, वजन तळहातावर, म्हणजे ट्यूबवरही ताण नाही.

मग घ्यायचा कुठला? तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीनं त्याच मॉडेलसाठी काढलेला असेल तर डोळे झाकून तो. फुजीच्या एक्स१०० सिरीजचा १.४एक्स कन्व्हर्टर बघा, त्या एकाच लेन्ससाठी केलाय, फिल्मच्या त्याच हिशोबानं ३५ मिमीची नजर ५० ची करतो आणि कोपरे स्वच्छ. तुमच्या मॉडेलचा नसेल तर जुन्या चांगल्या कन्व्हर्टरपैकी शोधा: ऑलिंपसचा टीकॉन-१७ आहे, १.७एक्स आणि ५५ मिमी आटे, पॅनासॉनिकचा डीएमडब्ल्यू-एलटी५५ पण १.७एक्स, सोनीचा व्हीसीएल-डीएच१७५८, ह्याच्या नावातच १.७एक्स आणि ५८ मिमी दोन्ही आलेत. हे आता सेकंडहँडच बघावे लागतात, पण माझं स्पष्ट मत आहे की सेकंडहँड १.७एक्स चांगल्या काचेचा घ्या, नवा २.२एक्स स्वस्तातला घेऊ नका. 'एक्स' जितका मोठा तितके काळे कोपरे, रंगाच्या कडा, थरथर, सगळंच वाढतं.

आणि ३ पट झूमच्या छोट्या कॅमेऱ्याला कन्व्हर्टर घेणाऱ्यांनी आधी गुणाकार करा. फिल्मच्या हिशोबानं झूमचं टोक समजा १०५ मिमी, तर १०५ गुणिले १.७ म्हणजे जेमतेम १८० मिमी. त्यात संध्यामठ छान येईल, पन्हाळ्याच्या तटबंदीचे बुरूज येतील, पण रंकाळ्याच्या मधे बसलेला वारकरी पक्षी ठिपकाच राहणार, आणि राधानगरीत झाडाच्या शेंड्यावरचा शेकरू तर शोधावा लागेल. तेवढ्या पैशात जुना १२ पट झूमवाला कॅमेरा मिळत असेल तर तो घ्या, वर कन्व्हर्टर नंतर चढवता येईल.

सेकंडहँड बघायला जाताना मोबाइलचा टॉर्च आहेच. अंधाऱ्या कोपऱ्यात एका बाजूनं टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. धूळ दोन-चार कण चालतात, फोटोत दिसत नाहीत. धाग्यांचं पांढरं जाळं दिसलं की ती बुरशी, ती काचेचं कोटिंग खाते, तो घेऊ नका, कितीही कमी किमतीत देत असतील तरी. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा किती ओली असते माहितीच आहे, गगनबावडा-दाजीपूरकडं तर कपडे वाळत नाहीत. त्यामुळं पावसाळ्यात कन्व्हर्टर चामड्याच्या पाउचमधे अजिबात ठेवायचा नाही, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, तेही रंग बदलणारं, आणि रंग बदलला की मंद आचेवर तव्यात गरम करून परत कोरडं करायचं, ज्या तव्यात स्वयंपाक होत नाही अशा. पंधरा दिवसांनी एकदा डबा उघडून काच उजेडात बघा, दोन्ही बाजूंनी.